जलप्रवासास निघण्यापूर्वीं

पर्जन्याची वाट पाहण्यांत ज्यांचें अर्धें आयुष्य जातें, त्या आमच्या नगर जिल्ह्यांतील माणसांस समुद्र हा बहुधा पुस्तकांतला विषय. भिंगारपासून मुंबई सुमारें अडीचशे किलोमीटर दूर. येथील कित्येक घरांत साठी-सत्तरी उलटलेलीं अशीं माणसें आहेत, कीं ज्यांनीं भुईकोट किल्ल्याचा खंदक शंभरदां पाहिला, पण सागर एकदांहि पाहिला नाहीं. अलीकडे मात्र मुलें मिळवतीं झालीं कीं आईबापांस ‘क्रूझ’ला नेण्याचे बेत घरोघर ऐकूं येतात. क्रूझ म्हणजे कोठें पोहोंचण्यासाठीं केलेला प्रवास नव्हे. प्रवास हेंच ज्याचें प्रयोजन, असा मोठ्या आगबोटीवरील दोन-चार दिवसांचा मुक्काम. बेत उत्तम आहे. परंतु त्यांत द्रव्य पुष्कळ लागतें, आणि ज्यांच्यासाठीं तें खर्चावयाचें त्या वृद्धांस विचारल्यावांचूनच तिकिटें निघतात, असें आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिलें आहे. म्हणून ह्या विषयाचा थोडा व्यवस्थित विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम शास्त्राची शंका. आमच्या समाजांतील वडील मंडळी ती अजून काढतात, आणि ती हंसण्यावारी नेणें बरें नव्हे. बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रसंयान पातकांत गणलें आहे, व पुढील निबंधकारांनीं तें कलिवर्ज्यांत घातलें, हें खरें. ह्या निषेधाचा धाक एके काळीं केवढा होता, हें १८८३ सालीं वैद्यक शिकण्यासाठीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून कळतें. पुढें १९१८ सालीं खुद्द लोकमान्य टिळक विलायतेस गेले. आज तर परदेशस्थ नातवाचें औक्षण प्रत्येक घरीं होतें. समुद्रावरून विमानानें आलेला नातू ज्या आजीला चालतो, तिनें गोव्याच्या बोटींत पाय ठेवतांना मात्र शंका घ्यावी, हें सुसंगत नाहीं. तथापि आमचा अनुभव असा कीं, शास्त्राचें नांव पुढें करणाऱ्या माणसाच्या मनांत बहुधा दुसरीच भीति असते, ती बुडण्याची. तिचें निरसन वादानें होत नाहीं, माहितीनें होतें.

ही भीति निराधार नाहीं. ता. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवस बंदराकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेंत भर पावसाळी समुद्रांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. ती दुर्घटना किनाऱ्यावरचीं जुनीं घरें अद्याप विसरलेलीं नाहींत. तिच्यापासून घ्यावयाचे धडे दोन. पहिला हंगामाचा: पावसाळ्यांत हौसेनें समुद्रावर जाऊं नये. नारळी पौर्णिमेला कोळी लोक दर्याला नारळ अर्पण करून होड्या लोटतात, तो धंद्याचा आरंभ होय. हौशी प्रवाशानें त्याची बरोबरी करूं नये. अरबी समुद्रांतील चक्रीवादळें मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर ह्या महिन्यांत होतात. म्हणून मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे डिसेंबर ते मार्च, हा काळ वृद्धांस घेऊन जाण्यास सर्वांत सोयीचा.

दुसरा धडा शिस्तीचा. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ मध्यें सागरी सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजहि लागू आहेत. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हें प्रवासी जहाज खडकावर आपटून कलंडलें व बत्तीस माणसें दगावलीं. त्याच दिवशीं चढलेल्या कित्येक प्रवाशांची संकटकालीन कवायत तोंवर झालेली नव्हती. त्यानंतर नियम असा झाला कीं, ही कवायत बंदर सोडण्यापूर्वीं किंवा सोडतांच झाली पाहिजे. पुष्कळ लोक तेव्हां उपाहारगृहांत रमलेले असतात. आपण तसें करूं नये. संकटसमयीं कोठें जमावयाचें, आपल्या खोलीपासून तेथें जाणारा जिना कोणता, लाइफ जॅकेट कोठें ठेविलें आहे व तें कसें बांधावें, ह्या चार गोष्टी घरांतल्या प्रत्येकास ठाऊक पाहिजेत. त्या प्रसंगीं लिफ्टचा उपयोग करावयाचा नसतो. म्हणून आजोबांचा हात धरून तो जिना पहिल्याच दिवशीं एकदां चढून-उतरून पाहावा.

आतां प्रत्यक्ष बेताकडे वळूं. मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटी बॅलार्ड पिअर येथून सुटतात. २०१८ सालीं मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही बोट मोठ्या समारंभानें सुरू झाली होती. ती पुढें बंद पडली. २०२१ सालापासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट मुंबईहून गोवा, लक्षद्वीप इत्यादि ठिकाणीं जाऊं लागली. वेळापत्रक ऋतुमानाप्रमाणें बदलतें, म्हणून कोणा ओळखीच्याच्या सांगण्यावर न विसंबतां कंपनीकडून अथवा खात्रीच्या प्रवासी दलालाकडून लेखी माहिती घ्यावी. पैसे परत मिळण्याचे नियम पैसे भरण्यापूर्वीं वाचावे, नंतर नव्हे.

पहिली सफर दोन रात्रींची पुरे. गोव्यास मोरमुगांव बंदरांत बोट धक्क्याला लागते, त्यामुळें उतरणें-चढणें सोपें जातें. लक्षद्वीप रमणीय खरें. परंतु तेथें मोठें जहाज खोल पाण्यांत उभें राहतें, व लहान होड्यांतून किनारा गांठावा लागतो. गुडघेदुखीच्या माणसांस हलत्या होडींत पाय टाकणें कठीण. शिवाय त्या बेटांवर जाण्यास भारतीय नागरिकांसहि परवाना लागतो. परदेशी बंदरास जाणारी सफर असेल तर पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें.

ह्याहूनहि आधीं एक स्वस्त परीक्षा आम्ही सुचवितों. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहणारी मोठी बोट जाते. सुमारें तासाभराचा प्रवास आहे. मुंबईस कांहीं कामानें जाणें झालें तर घरांतील वडील माणसांस हिंवाळ्यांत एकदां त्या बोटीनें नेऊन आणावें. कोणाला समुद्र मानवतो व कोणाला नाहीं, ह्याचा अंदाज थोडक्या खर्चांत येतो, व मोठी रक्कम भरण्यापूर्वीं येतो.

बोट लागणें हा रोग नव्हे. अंतर्कर्णांतील तोल सांभाळणारें इंद्रिय शरीर हलत असल्याचें सांगतें, आणि चार भिंतींत बसलेले डोळे तें नाकारतात. ह्या विसंवादानें मळमळ होते. म्हणून तसें वाटूं लागतांच खोलींत पडून न राहतां मोकळ्या हवेंत यावें व क्षितिजाकडे दृष्टि लावावी. वाचन करूं नये. पोट अगदीं रिकामें ठेवूं नये, व तुडुंबहि भरूं नये. आल्याचा तुकडा पुष्कळांस गुण देतो. गोळी घ्यावयाची तर ती त्रास सुरू होण्यापूर्वीं घ्यावी लागते, आणि वृद्धांनीं आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

खोली निवडतांना हेंच सूत्र ध्यानांत ठेवावें. तराफ्याच्या टोकांपेक्षां मध्य कमी हलतो, तसेंच जहाजाचें. मध्यभागीं व खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत स्थिर, आणि बहुधा वरच्या सज्जाच्या खोलीहून स्वस्तहि. ज्यांस दिवसभर बाहेर हिंडावयाचें आहे त्यांस आंतली, बिनखिडकीची खोली चालेल. ज्या वृद्धांस जिन्यांची दगदग नको त्यांस निदान खिडकी द्यावी. भाडें बहुधा दोघांनीं एक खोली घेतल्याचें धरून माणशी सांगतात. एकट्या माणसास त्याहून पुष्कळ अधिक पडतें. विधवा आत्या किंवा मावशी बरोबर असेल तर तिची खोली एकटी न ठेवतां नातीबरोबर ठेवावी. खर्च वांचतो, आणि तिला सोबतहि होते.

खर्चाचा अंदाज करतांना जाहिरातींतील आंकड्यावर थांबूं नये. भाडें, बंदराचे आकार व कर, सेवकांची बक्षिसी, बंदरांवरील सहलींचे वेगळे पैसे, आणि भिंगारहून मुंबईस जाणें-येणें व आदल्या रात्रींचा मुक्काम, हे रकाने मांडून बेरीज करावी. आदल्या रात्रीं मुंबई गांठणें ही चैन नव्हे. माळशेज घाटानें जा कीं पुण्यावरून जा, वाटेंत केव्हां खोळंबा होईल ह्याचा नेम नाहीं, आणि बोटीवर चढण्याचा दरवाजा ती सुटण्याच्या बराच आधीं बंद होतो. बेरीज शिलकेंतून भागत असेल तर जावें. हप्त्यानें किंवा कर्जानें जाऊं नये. ऋण काढून सण करण्याची आपल्याकडे निंदाच आहे, आणि बोटीवरील दोन रात्रींसाठीं नातवंडांच्या शिक्षणाचा पैसा मोडणें शहाणपणाचें नाहीं.

बोटीवर शाकाहाराची सोय असते. तथापि कांदा-लसूण वर्ज्य असल्यास किंवा मध्यें एकादशी येत असल्यास तिकीट काढतांनाच तसें कळवावें. खोलींत निरांजन, उदबत्ती वा स्टोव्ह पेटवूं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे. लांकडी घराला आग लागली तर माणूस रस्त्यावर येतो, बोटीला लागली तर कोठें जाईल? संध्येस पळी-पंचपात्र व थोडें पाणी पुरतें. पूजा दोन दिवस मानसिक करावी. नित्याचीं औषधें हातांतल्या पिशवींत असावींत, कारण मोठें सामान खोलीवर कांहीं तासांनीं येतें. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचे पैसे पडतात. म्हणून प्रवासाचा विमा उतरवावा. किनारा सुटला कीं फोन जहाजाच्या महागड्या जाळ्याशीं जोडला जातो. तो विमानांतल्याप्रमाणें बंद ठेवावा. बंदरावर उतरल्यास परतण्याची वेळ कागदावर लिहून जवळ बाळगावी. जहाज एका कुटुंबासाठीं थांबत नाहीं.

इतकें सर्व जुळलें, तरी शेवटचा प्रश्न उरतोच: ज्यांना न्यावयाचें त्यांची इच्छा आहे काय? मुलगा उत्साहानें सांगतो, सून तयारी करते, आणि आई ‘तुमची हौस होऊं द्या’ म्हणून रुकार देते. तो रुकार इच्छा समजूं नये. तिला एकांतांत विचारावें, भीति वाटते का हेंहि विचारावें, आणि तिनें ‘नको’ म्हटलें तर त्याच पैशांत पंढरपूर किंवा नाशिक करावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. ती ‘हो’ म्हणाली तर मात्र निघण्यापूर्वीं आठ दिवस संध्याकाळीं रघुवंशाचा तेरावा सर्ग घरांत अर्थासह वाचावा. पुष्पक विमानांतून परततांना राम सीतेला समुद्र दाखवितो, तो भाग त्यांत आहे. डेकवर उभें राहिल्यावर काय पाहावयाचें हें मग निराळें सांगावें लागणार नाहीं.

आणि एक गोष्ट जाहिरातींत लिहिलेली नसते. जिनें चाळीस वर्षें सकाळीं उठून प्रथम चहाचें आधण ठेविलें, तिला त्या दोन दिवसांत कोणी ‘आज काय करूं?’ असें विचारावयाचें नसतें, आणि तिलाहि कोणाला वाढावयाचें नसतें. त्या वेळीं घरच्या मंडळींनीं तिच्याकडे बोटीवरही डबे व पिशव्या सांभाळण्याचें काम सोंपवूं नये. तिला कठड्याजवळ खुर्ची द्यावी, अंगावर शाल घालावी, आणि हवा तितका वेळ तेथें बसूं द्यावें.