दिवेलागणीची वेळ

काळोख हा चोराचा सोबती, ही समजूत फार जुनी. कायद्यानेही ती मान्य केली आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीस भारतीय दंड संहितेत अधिक शिक्षा होती; जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हा भेद कायम ठेवला आहे. पॅरिस शहराला १६६७ साली पहिला पोलीसप्रमुख लाभला, आणि त्याच वर्षी तेथील रस्त्यांवर कंदील टांगण्याची सरकारी व्यवस्था सुरू झाली.

परंतु ही समजूत खरी किती? रात्र झाली की केवळ उजेड जात नाही; वर्दळ, उद्योग, करमणूक, सारेच बदलते. त्यातून उजेडाचा वाटा वेगळा काढावा कसा? ती संधी अमेरिकेने नकळत दिली. वसंत ऋतूत घड्याळे एक तास पुढे करण्याची तेथे प्रथा आहे. २००७ पासून हा बदल तीन आठवडे अगोदर होऊ लागला. सूर्य आपल्या वेळेसच मावळत राहिला; मात्र कामावरून परतणाऱ्यांच्या वाट्यास उजेड आला. डोलिअॅक व सँडर्स या अभ्यासकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, त्या सायंकाळच्या तासातील लूटमार सुमारे २७ टक्क्यांनी आणि दिवसभराची मिळून ७ टक्क्यांनी घटली. सायंकाळी हुकलेला लुटारू पहाटे उठून आपली तूट भरून काढीत नाही, असाच याचा अर्थ.

न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सरकारी वसाहतींत प्रखर दिव्यांचे मनोरे उभारून प्रयोग करण्यात आला, तेव्हा तेथील रात्रीचे उघड्यावरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. याउलट, इंग्लंड व वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांनी खर्च वाचविण्यासाठी रात्रीचे काही दिवे मालविले वा मंद केले, तेथे गुन्हे वाढल्याचा पुरावा २०१५ च्या पाहणीत मिळाला नाही. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. आमच्या मते ती तशी नाही. दिवा स्वतः चोर पकडीत नाही. तो पाहणाऱ्या डोळ्यांना साह्य करतो. निर्मनुष्य रस्त्यावर त्याचा पहारा दुबळा. माणसे ये-जा करतात तेथे तो बलवान.

आपल्या नगरपालिकांनी यातून बोध घ्यावा. नोव्हेंबरात पणजीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कचेऱ्या, दुकाने, शिकवण्या सुटण्याची वेळ त्यानंतरची. बसथांब्यापासून घरापर्यंतची आडवाट एकट्या स्त्रीला याच वेळी तुडवावी लागते. मुख्य चौक झगमगीत करून आणि ही वाट अंधारात ठेवून सुरक्षितता साधत नाही. दिव्यांवर खर्च किती झाला याचा हिशेब सभागृहात मांडला जातो. दिवेलागणीला त्यांतले किती पेटले, याचाही मांडला जावा. विझलेला दिवा दुरुस्त होण्यास लागणारा प्रत्येक दिवस हा गुन्हेगाराला दिलेली सवलत आहे, असे आम्ही मानतो.