कर्तेपण कोणाचें?

पाठ न केलेला एक विद्यार्थी मला एकदां म्हणाला, "गुरुजी, ईश्वराच्या मनांतच नव्हतें!" वर्ग हंसला, मीही हंसलों. परंतु हेंच उत्तर राजाच्या तोंडीं आलें म्हणजे हंसूं येत नाहीं.

दमास्कसच्या उमय्या खलिफांच्या कारकीर्दींत (इ. स. ६६१–७५०) त्यांचे पक्षपाती असेंच म्हणत: आमची सत्ता ही अल्लाचीच योजना, तेव्हां आमच्या कृत्यांचा जाब विचारणारे तुम्ही कोण? 'पाप ज्याच्या हातून घडतें तोच त्याचा कर्ता,' असें ज्यांनीं उलट सांगितलें त्यांना 'कदरी' हें नांव पडलें. त्यांपैकीं दमास्कसचा घैलान यास खलिफा हिशाम (७२४–७४३) याच्या अमदानींत देहान्त शासन झालें. इतका हा वाद राजदरबाराशीं भिडलेला होता. आपण मात्र 'किस्मत' हा एकच शब्द घेऊन त्या धर्माची मीमांसा उरकून टाकतों!

पुढें मुतझिला पंथीयांनीं या मताला शास्त्राचें रूप दिलें. ईश्वर न्यायी आहे. मग जें मनुष्यानें केलेंच नाहीं त्याबद्दल तो दंड कसा करील? युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु अशअरीनें (हा दहाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वारला) आपले मुतझिली गुरु जुब्बाई यांना तीन भावांचा प्रश्न घातला, अशी परंपरागत कथा आहे. एक भाऊ पुण्यवान, दुसरा पापी, तिसरा बाळपणींच मेलेला. पुण्यवानाची उच्च पदवी पाहून बालक म्हणेल, "मला आयुष्य कां दिलें नाहीं?" ईश्वर म्हणेल, "तूं मोठेपणीं पापी झाला असतास, हें मला दिसत होतें." त्यावर नरकांतून पापी ओरडेल, "मग मलाही लहानपणींच कां उचललें नाहींस?" गुरु निरुत्तर झाले.

अशअरीनें शेवटीं 'कस्ब' या कल्पनेचा पुरस्कार केला. कर्म उत्पन्न करतो ईश्वर; मनुष्य तें केवळ आपलेंसें करतो. पाणिनीनें तर कर्त्याचें लक्षणच 'जो स्वतंत्र तो' असें केलें आहे. त्या कसोटीला अशअरीचा मनुष्य कितपत उतरेल, याची मला शंका वाटते.

युरोपांतही १५२४-२५ सालीं इरॅस्मस व ल्यूथर यांचें भांडण मनुष्याच्या इच्छेला ईश्वरापुढें कितपत वाव आहे, याचेंच होतें. पुढच्या शतकांत मात्र प्रश्न पालटला. स्पिनोझाला ईश्वर व निसर्ग हीं एकच. १६७४ च्या एका पत्रांत तो म्हणतो कीं, फेंकलेल्या दगडाला जाणीव असती, तर आपण स्वेच्छेनेंच चाललों आहों असें त्याला वाटलें असतें. येथें तीन भावांची फिर्याद चालावयाची कोणापुढें? निसर्ग न्यायासनावर बसत नाहीं.

कांटनें १७८८ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत दुसरीच वाट धरली. एखाद्या राजानें प्राणदंडाची धमकी देऊन प्रजाजनाला एका सज्जनाविरुद्ध खोटी साक्ष देण्यास फर्माविलें, तर तो नकार देईलच काय? तसें तो खात्रीनें सांगूं शकणार नाहीं. पण नकार देणें आपल्याला शक्य आहे, हें तो निःशंकपणें कबूल करील. कारण तसें करणें आपलें कर्तव्य आहे, हें त्याला कळतें. स्वातंत्र्याची ओळख मनुष्याला पटते ती या ठिकाणीं, असें कांटचें म्हणणें. हें उदाहरण वाचतांना मला दर वेळीं घैलान आठवतो.