एका बिघ्यात किती पोटे?

उज्जैनहून इंदूरच्या वाटेला लागले की नानाखेडा लागते. आज तेथे बसस्थानक आहे. शेतीची खूण उरली ती नावातल्या ‘खेड्या’पुरती. अशा एखाद्या खेड्याची जमीन अकबराच्या काळी किती माणसे पोसत असेल? प्रश्न रिकामटेकडा वाटेल खरा; पण त्या काळी खानेसुमारी नव्हती, म्हणून लोकसंख्येचा माग इतिहासकारांना शेतातूनच काढावा लागतो.

साधन म्हणजे अबुल फजलची ‘आईन-इ-अकबरी’ (सुमारे १५९५). तीत उज्जैन सरकारची मोजलेली जमीन ९,२५,६२२ बिघे दिली आहे. इलाही बिघा म्हणजे आपले सुमारे २४ गुंठे. बिघ्याला गहू उत्तम जमिनीत १८ मण, मध्यम १२, कनिष्ठ ८ मण ३५ शेर; सरासरी १३ मण धरू. तेव्हाचा मण सुमारे २५ किलोंचा. हे दर खास माळव्याचे नव्हेत. पण इथली काळी जमीन पावसाळ्याची ओल धरून विहिरीवाचूनही गहू पिकवते, तेव्हा ते लावून पाहायला हरकत नाही. मात्र मोजलेली सारीच जमीन पेरलेली नसते, हे विसरू नये.

समजा, गावाने ५०० बिघे गहू पेरला. पीक ६,५०० मण. बियाणे आणि उंदीर-घुशींपायी पाचवा हिस्सा सोडा. दर माणशी रोज शेर, म्हणजे वर्षाला नऊ मणांहून किंचित अधिक. सुमारे ५७० माणसे जगतील. पण ‘आईन’ सरकारचा वाटा एक तृतीयांश सांगते. तो काढताच गावात ३३० जणांपुरतेच उरते!

जमिनीची ताकद आणि गावची वस्ती एक नव्हे, ती अशी. मोरलंड यांनी १९२० मध्ये पेरणीच्या क्षेत्रावरून उत्तर हिंदुस्थानचा अंदाज बांधला आणि साऱ्या देशाची वस्ती १० कोटी ठरवली. शिरीन मूसवी १९८७ मध्ये १४.५ कोटींच्या घरात पोचल्या. ग्रंथ तोच, पण मापणी कुठवर पोचली होती हे ठरवण्यावर कोट्यवधी माणसांचा फरक पडतो.

मग उरलेले २४० जण? सारा बहुधा रोखीत, म्हणून शेतकरी धान्य विकी आणि ते उज्जैनच्या पेठांत येई. विणकर, पुजारी, शिपाई यांच्या ताटात ते पडे. शिपायांच्या घोड्यांचा हरभरा या हिशेबात धरलेलाच नाही.