नदी कोरडी, खोरे सुपीक

मे महिन्यात परभणीहून जिंतूरला जाणारा शहरी प्रवासी वाटेतले पूल पाहून बुचकळ्यात पडतो. पूल भक्कम, पात्र रुंद, आणि पाण्याचा मात्र थेंब नाही. बोरीच्या परिसरातील करपरा नदीचे हे रूप उन्हाळ्यात नेहमीचेच. दोन्ही काठांवर नजर जाईल तिथवर काळीभोर जमीन, तिला हात जाईल एवढ्या भेगा. हा भाग ओसाड असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. हाच प्रवासी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा आला, तर याच जमिनीवर ज्वारीची कणसे डोलताना आणि हरभरा घाट्यांवर आलेला पाहील. नदी तेव्हाही बहुधा आटत आलेलीच असते. मग पीक येते कशावर?

उत्तर नदीत शोधून सापडत नाही, ते मातीत आहे. अजिंठ्याच्या डोंगरांची रांग जिंतूर तालुक्यातून जाते. हा सारा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा प्रदेश. डोंगरमाथ्यावर मुरमाड, बरड जमीन. तिच्यात पाऊस फार टिकत नाही. शतकानुशतके झिजून खाली आलेला बारीक गाळ मात्र खोऱ्यात साचला आणि भारी काळी जमीन तयार झाली. तिच्यातील चिकणमाती पाणी मिळाले की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यातल्या त्या भेगा हे जमिनीच्या मरणाचे लक्षण नव्हे. वरची भुसभुशीत माती भेगांतून खाली जाते, पुढच्या पावसात थर फुगतात, आणि जमीन जणू आपली आपणच नांगरली जाते.

या मातीची साठवणही मोठी आहे. मीटरभर खोलीची भारी जमीन पिकाच्या उपयोगाचे सुमारे २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. हिशेब केला तर एकरी आठ लाख लिटर भरतात. एवढे शेततळे खणायचे तर किती खर्च येईल! हस्ताचा पाऊस चांगला झाला की ही ओल मुरते, आणि रब्बी ज्वारी त्यानंतर आभाळाकडे न पाहता केवळ ओलीवर तयार होते. परभणीला १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील 'परभणी मोती' हा रब्बी ज्वारीचा वाण याच शेतीसाठी आहे. अलीकडे मात्र सोयाबीन आणि कापसाने ज्वारीची बरीच जागा घेतली. पैसा लवकर हाती येतो हे खरे. पण कडबा गेला की गुरांचे हाल होतात, हेही तितकेच खरे.

कोरडे दिसणारे पात्रसुद्धा पूर्ण कोरडे नसते. वाळूच्या कणांमधील पोकळीत पाणी राहते. जाड वाळूत तिच्या घनफळाच्या चौथ्या हिश्श्याइतके पाणी सहज मावते आणि वरचा थर वाळला की खालचे फारसे उडून जात नाही. म्हणून तर पात्रात झिरे खणून गावे उन्हाळा काढीत असत. काठच्या विहिरींनाही हाच आधार. पात्रातून वाळूचा एकेक ट्रक भरून जातो, तेव्हा गावाची टाकीच थोडी थोडी फोडली जाते. शहरातील आपल्या इमारतींशी या विहिरींचा संबंध एवढा सरळ आहे.

तालुक्याची मोठी नदी पूर्णा. (अकोल्याकडून वाहत तापीला मिळणारी पूर्णा वेगळी, नावाच्या साम्यामुळे घोटाळा होतो.) ही अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते, बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा म्हणवते आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीस मिळते. तिच्यावरचे येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेअठ्ठावीस टीएमसी. पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजगृह आहे. वीज करून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात अडते आणि कालवे तेथून निघतात. त्यांचा लाभ हिंगोली, परभणी व नांदेड जिल्ह्यांतील खालच्या शिवारांना होतो. ज्या जिंतूर तालुक्यात येलदरी उभे आहे, तेथील वरच्या गावांनी हे पाणी डोळ्यांनी पाहायचे आणि शेती ओलीवरच करायची! वर खडकपूर्णेवर संत चोखामेळा सागर हा जलाशय झाला आहे. तो भरेपर्यंत येलदरीला वाट पाहावी लागते. अनेक गावांचे व शहरांचे पिण्याचे पाणी येलदरीवर अवलंबून असल्याने, अपुऱ्या पावसाच्या वर्षी शेतीचा क्रमांक मागे जातो.

जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आहे. तेथील गुंफांत तीर्थंकरांच्या भव्य पाषाणमूर्ती आहेत. पार्श्वनाथांची मूर्ती तर लहानशा दगडावर तोललेली असल्याने जणू अधांतरी भासते. दर्शन झाल्यावर टेकडीवर थोडे थांबावे. वरची उघडी, तांबूस बरड आणि खालचा काळा पट्टा यांतली रेघ येथून स्पष्ट दिसते. वर वाचलेले सारे एका नजरेत उलगडते. वेळ असेल तर चारठाण्याची यादवकालीन मंदिरेही पाहावीत. ती नीट पाहायला अर्धा दिवस हवा, आणि त्यांवर स्वतंत्रच लिहावे लागेल.

मनमाड-सिकंदराबाद मार्गावर परभणी स्थानक आहे. तेथून जिंतूर ४०-४५ किलोमीटर, एस. टी. मिळते. हुरडा खायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत जावे. एकदा मात्र मे महिन्यातही जावे, सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी.