खाडीतलं वाळवंट

ऐरोली, वाशीच्या खाडीकाठचं तिवर, म्हणजे अविसेनिया मरीना, अबुधाबीच्या वाळवंटी किनाऱ्यावरचंही मूळ रहिवासी. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, तरी या झाडाचा झगडा तहानेशीच! समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असं पाणी मुळांना सहज शोषता येत नाही. तिवराची मुळं बहुतेक मीठ बाहेरच अडवतात, आत शिरलेलं पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे कण चमकतात. पानं जाड, खालून बारीक लव असलेली. पाणी राखण्याची ही तऱ्हा वाळवंटी झुडपांचीच. इतका झगडा करून हे झाड जगतं, म्हणूनच तिवरांत राडारोडा टाकलेला पाहवत नाही. भरावाखाली चिखलातून वर आलेली श्वसनमुळं गुदमरतात आणि एवढं मीठ पचवणारं झाड उभ्या उभ्या वाळतं.