जुना छोटा ट्रॅक्टर घेताना : रंग पाहू नका, तेल पाहा



आपल्या निफाड-दिंडोरी भागात द्राक्षबाग आणि ऊस बांधाला बांध लावून आहेत. बागेच्या ओळीतून चालणारा १५ ते २५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर उसाच्या आंतरमशागतीलाही चालतो. त्यामुळे बागाईतदाराने नवा घेतला, की जुना ऊसवाल्याच्या दारात येतो. उसाचे बिल हाती असते, गाडीला ताजा रंग असतो आणि सौदा घाईत होतो. पुढे महिन्याभरात इंजिनाचे काम निघाले, तर बिल गॅरेजात जाते आणि सोसायटीचे कर्ज जसेच्या तसे राहते.

बागेतला ट्रॅक्टर नांगराने कमी आणि ब्लोअरने जास्त झिजतो, हे आधी ध्यानात घ्यावे. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या, की पीटीओ तासन्‌तास फिरत राहतो. मोरचूद आणि गंधकाचे पाणी पत्र्यावर, वायरिंगवर व रेडिएटरच्या जाळीवर बसते. म्हणून पीटीओचा शाफ्ट हाताने हलवून पाहावा. त्याचे खाचे झिजलेत का, सिलातून तेल पाझरते का, हेही पाहावे. तासांच्या मीटरवर भिस्त ठेवू नये. मीटर थोडे तास दाखवतो आणि क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्या गुळगुळीत झाल्या आहेत, तर खरे पायपट्ट्यांचे मानावे.

इंजिन थंड असतानाच पाहावे. मालकाला सांगून ठेवावे, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी सायलेन्सरला हात लावावा. गरम लागला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग नसावा. ऑइलची पट्टी ओढावी. ऑइल दुधाळ दिसले, तर पाणी इंजिनात उतरते आहे, म्हणजे हेड गॅस्केट गेले किंवा हेडला तडा आहे, असे समजावे.

मग गाडी चालू करावी. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. इंजिन तापल्यावरही तो राहिला तर चालत नाही. काळा धूर बहुधा एअर फिल्टर, नोझल किंवा पंपाचा असतो, त्याचा खर्च अंदाजता येतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. अशा वेळी ऑइल भरायचे झाकण सैल करून पाहावे. आतून भकाभक वाफ आली तर रिंग-लायनर झिजलेले आहेत. युवराज २१५ एका सिलिंडरचा आहे, त्याचे हादरणे अंगचेच असते. पण मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी तीन सिलिंडरचा आहे. तो तसा हादरू लागला, तर एखादा सिलिंडर काम करत नाही, अशी शंका घ्यावी.

भार देऊन पाहावे. मोकळ्या मैदानात फिरवलेला ट्रॅक्टर चांगलाच वाटतो. त्याला रोटाव्हेटर लावून शेतात अर्धा तास चालवावा. गिअर आपोआप सुटतो का, वरच्या गिअरमध्ये भार येताच इंजिन ओरडते पण चाक ओढत नाही असे होते का, ते पाहावे. असे झाल्यास क्लच घसरतो आहे. लिफ्ट वर उचलून इंजिन बंद करावे. रोटाव्हेटर भराभर खाली बसला, तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. चारही चाकांना ओढ असलेली गाडी असेल, तर पुढच्या ॲक्सलचे सील जरूर पाहावेत. शेवटी पुढचा भाग जॅकवर घेऊन चाके हलवावीत, म्हणजे किंगपिनची झीज कळते.

टायर, बॅटरी, नोझल, क्लच प्लेट यांचा खर्च किमतीतून वजा करून सौदा करता येतो. दुधाळ ऑइल, झाकणातून जोराची वाफ किंवा गिअरच्या तेलात लोखंडाचे कण, यांपैकी एक जरी आढळले, तरी स्वस्त म्हणून मोहात पडू नये. सोबत आपला माहीतगार मिस्त्री न्यावा. त्याची दिवसाची मजुरी वाया जात नाही.

इंजिन आणि चासी नंबर आर.सी. बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती नव्याने करावी लागते, मुदत पाहावी. बुकावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच आपल्या नावावर करून घ्यावी.

बांधणी दोन दिवस लांबली तर ऊस सांभाळून घेतो. चुकीच्या सौद्याचे हप्ते मात्र दोन-तीन हंगाम फेडावे लागतात.

— ऊस विकास अधिकारी