अहर्गणाचे ओझे

घोटीच्या बाजारात भाताची पोती ज्या काट्यावर तोलतात, त्यावर चार दाणे टाकल्यास काटा हलत नाही. गणितातही मोठ्या संख्येच्या शेजारी सूक्ष्म अंश असाच लुप्त होतो. ‘अहर्गण’ हा शब्द ‘अहन्’ म्हणजे दिवस, यांच्या समूहाचा वाचक. कलियुगारंभापासून शके १४४२ पर्यंत हा समूह सोळा लाखांच्या पुढे जातो, आणि दैनिक गतीतील अल्प चूकही तितक्या पटीने वाढते. करणग्रंथ जवळचा आरंभ घेत. तथापि वर्षे लोटली की अहर्गण पुन्हा फुगे.

गणेश दैवज्ञाने शके १४४२ (इ. स. १५२०) आरंभ धरून रचलेल्या ‘ग्रहलाघवा’त अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र कल्पिले. गणकाने केवळ शेष दिवस घ्यावयाचे. प्रत्येक चक्रामागे वजा करावयाचा ‘ध्रुव’ आयता दिलेला. रवीचा ध्रुव १ अंश ४९ कला ११ विकला. तो विकलेपर्यंतच आसन्न असल्याने चक्रागणिक अर्ध्या विकलेपर्यंत दोष संभवतो. शके १९४८ पर्यंतच्या ४६ चक्रांत फार तर २३ विकला. चूक नाहीशी झाली नाही, तिला मर्यादा पडली.

संगणकापुढील अडचण अधिक बिकट आहे. ४०१६ ही पूर्ण संख्या; ज्येचे आवर्तन मात्र २π, जे कोणत्याही अंकावर संपत नाही. एकावर बावीस शून्ये एवढ्या अंशमानाचा नव्हे, तर त्रिज्यामानाचा कोन घेतला आणि π सोळा अंकांपुरताच धरला, तर शेष कोन सर्वस्वी निरर्थक ठरतो. पेन व हॅनेक यांच्या १९८३ च्या रीतीत २/π चे शेकडो द्विमान अंक साठवून त्यांतील आवश्यक तेवढेच वापरतात. त्या कोनाची ज्या −०.८५२२ येते.